ऑनलाइन डी अँड डी तिसऱ्या सेशनला का आटपतं

प्रश्न थोडक्यात असा: सहा खेळाडू आणि एक डीएम (डंजन मास्टर, गोष्ट सांगणारा आणि मॉन्स्टर चालवणारा), कोणी कोथरूडला, कोणी वाकडला, कोणी हडपसरला. शनिवारी रात्री डिस्कॉर्डवर डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी, फाशांवर चालणारा भूमिकांचा खेळ) सुरू केलं, दोनदा. दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या सेशनला माणसं गळाली. लढाया संपत नाहीत, निम्मे जण गप्प बसतात. सॉफ्टवेअर बदलावं, की नियम सोपे करावेत?

आधी दोन्ही राहू द्या आणि घड्याळ लावून बघा. नवख्या खेळाडूचा एक टर्न (लढाईतली त्याची पाळी) ऑनलाइन साधारण दोन मिनिटं खातो. सहा जणांची बारा मिनिटं झाली. समोर पाच गॉब्लिन असतील आणि डीएम प्रत्येकाचा फासा वेगळा टाकत असेल, तर आणखी पाच. म्हणजे एक राउंड (सगळ्यांची एकेक पाळी) सतरा मिनिटांचा आणि चार राउंडची किरकोळ चकमक तासाच्या वर गेली. त्यातल्या प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं आणि पंधरा मिनिटं ऐकायचं. समोरासमोर बसलेलं असताना ती पंधरा मिनिटं निभतात, कारण शेजारच्याशी कुजबुजता येतं, चिवड्याचा डबा फिरतो, कोणाचं तोंड पडलंय ते दिसतं. व्हॉइस चॅनलवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. बाकीचे दुसरी टॅब उघडतात, आणि एकदा रील्स सुरू झाल्या की ‘काय झालं, माझा टर्न आहे का?’ हे वाक्य दर राउंडला ऐकू येतं. त्यात आणखी वेळ जातो. गळती इथे सुरू होते.

म्हणून पहिली काटछाट माणसांची. ऑनलाइनसाठी चार खेळाडू आणि एक डीएम हा आकडा बसतो, पाच म्हणजे डोक्यावरून पाणी. सहा जण असाल आणि कोणालाच काढायचं नसेल तर दोन टेबलं करा. दुसरा डीएम तयार होतो हा त्यातला फायदाच.

मग टर्नची शिस्त. डीएमने नाव पुकारताना दोन नावं घ्यायची: ‘फायटरचा टर्न, क्लेरिक तयार राहा.’ (फायटर, क्लेरिक, विझार्ड, रोग हे कॅरेक्टरचे प्रकार: लढवय्या, बरं करणारा, जादूगार, चोर.) हल्ल्याचा डी२० (वीस बाजूंचा फासा) आणि नुकसानीचा फासा एकदमच टाकायचा. हल्ला चुकला तर नुकसानीचा आकडा सोडून द्यायचा, बिघडत काही नाही. तीस सेकंदांत ठरलं नाही तर ते कॅरेक्टर डॉज करतं, म्हणजे पुढच्या टर्नपर्यंत त्याच्यावरचे हल्ले डिसअॅडव्हान्टेजने (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा). ही शिक्षा वाटता कामा नये, म्हणून आधीच सांगून ठेवा. मॉन्स्टरच्या बाजूला एका जातीच्या सगळ्यांना एकच इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम) द्या आणि नुकसान सरासरीने धरा. गॉब्लिनचं १डी६+२ (सहा बाजूंचा एक फासा अधिक २) म्हणजे सरळ ५. एवढं केलं की चार खेळाडूंची चार मिनिटं, तीन गॉब्लिनची दीड, राउंड साडेपाच मिनिटांत. चार राउंड म्हणजे बावीस मिनिटं.

यात एक खोच आहे, ती माहीत नसेल तर पहिल्याच लढाईत विझार्ड आडवा होतो. एकाच इनिशिएटिव्हवर सगळे गॉब्लिन लागोपाठ मारतात, मधे बरं करायला कोणाला संधी नाही. पहिल्या लेव्हलच्या विझार्डचे एचपी (जीव किती उरलाय तो आकडा) समजा ८ (फाशाचे ६, कॉन्स्टिट्यूशन म्हणजे काटकपणाचे २) आणि एसी (हल्ला लागायला गाठावा लागणारा आकडा) १२. गॉब्लिनचा हल्ला +४, म्हणजे फाशावर ८ किंवा वर आलं की लागलं, शंभरात पासष्ट वेळा. तिघांनी त्यालाच धरलं तर सरासरी पावणेदहा नुकसान, आणि एचपी आठ. मेज आर्मर (चिलखताचा मंत्र) घेतलेला असला तर एसी १५ होतो, शक्यता पन्नास टक्क्यांवर येते, सरासरी साडेसातवर. तेव्हा गॉब्लिनचे हल्ले वाटून द्या, किंवा चार असतील तर दोन-दोनचे गट करून दोन वेगळे इनिशिएटिव्ह ठेवा.

चार गॉब्लिन मुळात ठेवावेत का, हा वेगळा हिशोब. २०१४च्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या एका कॅरेक्टरमागे सोपी लढत २५ एक्सपीची (अनुभवाचे गुण), मध्यम ५०, अवघड ७५, जीवघेणी १००. चार जणांसाठी चौपट: १००, २००, ३००, ४००. गॉब्लिन एक ५० एक्सपीचा. पण संख्या वाढली की गुणक लागतो, दोघांना दीडपट, तीन ते सहांना दुप्पट. म्हणजे दोन गॉब्लिन १५०, तीन ३००, चार ४००. तीन आणि चार यांच्यात एका गॉब्लिनचा फरक दिसतो, प्रत्यक्षात तो अवघड आणि जीवघेणी यांच्यातला आहे. नवे डीएम इथेच फसतात, कारण मॉन्स्टरच्या पानावर ‘चॅलेंज १/४’ एवढंच दिसतं. एकटा ऑगर मात्र याहून वाईट. त्याचे ४५० एक्सपी, एचपी ५९, आणि एक सोटा सरासरी १३चा. क्रिटिकल (डी२०वर २०, नुकसानीचे फासे दुप्पट) लागला तर सरासरी २२. आठ एचपीचा विझार्ड शून्यावर जाऊन वर चौदा उरतात, आणि उरलेलं नुकसान कमाल एचपीएवढं किंवा जास्त असेल तर डेथ सेव्ह (शून्यावर असताना जगण्यासाठी टाकायचा फासा) मिळतच नाही, जागीच मृत्यू. पहिल्या लेव्हलला ऑगर नकोच. तिसऱ्या लेव्हलपर्यंत थांबा, तिथे पोचायला एका कॅरेक्टरला ९०० एक्सपी लागतात.

वरचे सगळे आकडे २०१४च्या पुस्तकांचे आहेत. २०२४च्या सुधारित नियमांत गुणक गेला, आणि पहिल्या लेव्हलला ५०, ७५, १०० अशा तीनच पायऱ्या राहिल्या. दोन्ही चालतात, मिसळ चालत नाही. एकाकडे जुनं पुस्तक, दुसऱ्याच्या अॅपवर नवे नियम, आणि वाद पेटतो तो बरोबर कोणीतरी मरत असताना: क्युअर वूंड्स (जखमा भरायचा मंत्र) जुन्यात १डी८, नव्यात २डी८. औषधाची बाटली प्यायला जुन्यात पूर्ण अॅक्शन, नव्यात बोनस अॅक्शन (त्याच टर्नमधली जास्तीची छोटी कृती). पहिल्या दिवशी कोणतं वर्ष ते ठरवून चॅनलवर पिन करून ठेवा. पुस्तकं विकत घेण्याची घाई नको. सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१ जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यात मोफत आहे. त्यात गॉब्लिनपासून ऑगरपर्यंत सगळं सापडतं, आणि श्रेय देऊन त्यातला मजकूर मराठीत उतरवायलाही मुभा आहे. अॅक्शनची यादी, कंडिशन्स आणि डेथ सेव्ह एवढं दोन पानांवर मराठीत करून ठेवलंत तर निम्म्या शंका तिथल्या तिथे मिटतात. ‘सेव्हिंग थ्रो’ला (संकटातून वाचायचा फासा) मात्र प्रतिशब्द शोधत बसू नका, शीटवर जे छापलंय तेच तोंडात असू द्या.

गोष्ट मराठीतून चालवा, त्याने गप्प बसणारे बोलायला लागतात. इंग्रजीत वाक्य जुळवत बसलेला माणूस टर्न लांबवतो, तोच मराठीत पहारेकऱ्याला ‘ओ मामा, सोडा की आत’ म्हणून मोकळा होतो. डीएमलाही सोपं जातं. एक ‘कोण रे तू?’ आणि एक ‘आपण कुठून आलात?’, दोन पात्रं उभी राहिली, आवाज बदलायची कसरत नको.

मॉन्स्टर आपल्याकडचे हवे असतील तर नवे बनवू नका, आकडे जुनेच ठेवून कातडं बदला. उदाहरण गॉब्लिनचंच घ्या. एसी १५, एचपी ७, स्टेल्थ (लपण्याचं कसब) +६, आणि निंबल एस्केप नावाची खुबी: हल्ला करून बोनस अॅक्शनमध्ये सटकायचं किंवा लपायचं. आता हे वेताळाच्या पालखीतले मशालजी आहेत असं समजा. अमावास्येची रात्र, माचीवरून मशालींची रांग चाललेली. मशालजीने वार केला, फुंकर मारली, मशाल विझली, अंधारात गडप. नियमाच्या भाषेत तो हाइड करतोय, स्टेल्थ खेळाडूंच्या पॅसिव्ह पर्सेप्शनविरुद्ध (फासा न टाकता किती लक्ष जातं तो आकडा). खेळाडूंना दिसतं ते एवढंच की सात मशालींपैकी आता सहा उरल्यात. मॅपवर त्याचं टोकन (सोंगटी) खरंच अदृश्य करा, नाहीतर सगळे रिकाम्या अंधाराकडे बोट दाखवून ‘तिथेच आहे’ म्हणतात. रांगेत मशाली सात असल्या तरी लढायला उतरणारे दोन किंवा तीनच, वरचा हिशोब विसरू नका. घूलचे आकडे (एसी १२, एचपी २२, नखांनी अंग लुळं पाडणं, त्यावर कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह डीसी १०, म्हणजे १० गाठले की सुटका) हडळीला चपखल बसतात. चकवा मात्र मॉन्स्टर करू नका, तो वाटेतला धोका म्हणून शोभतो: सर्व्हायव्हलचा (वाट काढण्याचा) चेक डीसी १५, फसला की तासभर चालून पुन्हा त्याच पिंपळाखाली.

जागाही हाताशी आहेत. राजगडाला तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला, चोरदिंडी, संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी. दोन भिंतींमधली ती चिंचोळी बोळ म्हणजे एका वेळी एकालाच लढता येईल असा कॉरिडॉर, फुकटात. गोमुखी दरवाजा तर डावपेच शिकवायला उत्तम: दोन बुरुजांच्या मागे वळसा घेतल्याशिवाय दार दिसत नाही, आणि वळसा घेतला की दोन्हीकडून तिरंदाज. वाड्यात शिरायचं असेल तर शनिवारवाड्याचे पाच दरवाजे बघा. दिल्ली दरवाजा मोठा आणि खिळ्यांचा, बाकीचे लहान, म्हणजे आत शिरायच्या पाच वेगळ्या योजना तयार. फक्त आराखडा घ्या आणि नाव बदला. खऱ्या ऐतिहासिक व्यक्तींना एचपी देऊन टेबलावर आणू नये. त्यावरून होणारा वाद फाशांनी मिटत नाही. तसंच चोर-दरोडेखोर म्हणून खऱ्या जातीजमाती रंगवणंही नको. याची बोलणी पहिल्या, बिनफाशांच्या सेशनमध्येच करा: काय अजिबात नको, काय झालं तरी पडद्याआड, आणि मधेच कोणाला नकोसं झालं तर चॅटमध्ये एक ‘एक्स’ टाकायचा, की डीएम कारण न विचारता दृश्य बदलेल.

आता आवाज. हेडफोन सक्तीचे. स्पीकरवर बसलेल्या माणसाचा प्रतिध्वनी त्याला सोडून सगळ्यांना ऐकू येतो, त्यामुळे तो कायम ‘माझं तर नीट आहे’ म्हणतो. एका घरातले दोघे खेळणार असतील तर वेगळ्या खोल्या, नाहीतर एकाच माइकवर दोघं. डिस्कॉर्डचं आपोआप चालणारं इनपुट सेन्सिटिव्हिटी बंद करून पट्टी हाताने लावा, कारण आपली ‘हो’, ‘हं’, ‘बरं’ ही उत्तरं इतकी आखूड असतात की माइक उघडेपर्यंत संपलेली असतात आणि डीएमला वाटतं समोर कोणी नाही. ऑगस्टच्या सुमारास संध्याकाळी ढोल-ताशाचा सराव जवळ असेल, तर नॉइज सप्रेशनही हात टेकतं. तेवढे दिवस पुश-टू-टॉक (बटण दाबलं तरच माइक चालू). इंटरनेटची चिंता बहुतेक वेळा उगाच असते. ६४ केबीपीएसने चार आवाज सतत येत राहिले तरी तासाला जेमतेम ११५ एमबी होतात. गोंधळ होतो तो सगळ्यांनी व्हिडिओ लावल्यावर.

मॅपसाठी सुरुवातीला आउलबेअर रोडिओ पुरे आहे: ब्राउझरमध्ये उघडतं, खेळाडूंना खातं काढावं लागत नाही, फॉग (न पाहिलेला भाग झाकणं) आणि टोकन मिळतात. कॅरेक्टर शीटवर टिचकी मारून फासा पडावा असं वाटायला लागलं की रोल२० ही साइट. तिथे एका चौकोनाला ७० पिक्सेल हे मूळ माप आहे, आणि चौकोन म्हणजे ५ फूट. ग्रिड छापलेला मॅप चढवताना चित्राची रुंदी चौकोन गुणिले ७० अशीच करून घ्या. २२ चौकोनांना १५४०. चित्र १६०० पिक्सेलचं तसंच टाकलं तर प्रत्येक चौकोनाला पावणेतीन पिक्सेलची सूट पडते, डावीकडे कळत नाही, आणि उजव्या टोकाला छापलेली रेघ आणि खरी रेघ यांत ६० पिक्सेलचं अंतर. मग बाण ‘रेंजमध्ये आहे की नाही’ यावर दहा मिनिटं. मॅप पीएनजीऐवजी जेपीजीमध्ये ठेवा, फोनवरून खेळणाऱ्यांना तो भरभर उघडतो, आणि रोल२०च्या मोफत खात्यातली जागा पुरते.

फाउंड्री हे मॅपचंच सॉफ्टवेअर देखणं आहे, पैसे एकदाच आणि फक्त डीएमने भरायचे. पण ते डीएमच्या संगणकावरून चालतं, आणि इथे पुष्कळांचं घोडं अडतं. राउटरमध्ये ३०००० पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडूनही बाहेरून कोणी जोडलं जात नाही. राउटरच्या पानावरचा वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुमची कंपनी अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते आहे. पोर्ट कितीही उघडा, उपयोग शून्य. एक तर कंपनीकडे पैसे भरून स्टॅटिक आयपी (स्वतःचा कायमचा पत्ता) मागा, नाहीतर मुंबई विभागातला छोटा क्लाउड सर्व्हर घेऊन त्यावर फाउंड्री टाका. दुसरा मार्ग बरा, कारण गुरुवारी महावितरणने दिवसभर लाइट घेतली आणि संध्याकाळी डीएमचा इन्व्हर्टर दमलेला असला, तरी मॅप उघडा राहतो. कॅम्पेन दोन-तीन महिने टिकल्याशिवाय या भानगडीत पडू नका.

वेळापत्रकाला पोल हा शत्रू. ‘या आठवड्यात कधी जमेल?’ विचारलं की सहा उत्तरं येतात. पहिला आणि तिसरा शनिवार, रात्री साडेनऊ ते बारा, मधे दहा मिनिटं सुट्टी. ठरलं म्हणजे ठरलं, गणपती आणि दिवाळीचे शनिवार आधीच खोडून टाका. रविवारी दुपारी एक ते चार सुचवणाऱ्याने पुण्यात राहू नये. चारपैकी तीन आले तर खेळ होतो, दोनच आले तर गप्पा मारा किंवा वन-शॉट (एका बैठकीत संपणारी गोष्ट). न आलेल्याचं कॅरेक्टर पायथ्याच्या गावात सामान राखत बसतं. हे जमायचं तर प्रत्येक सेशन सुरक्षित जागी संपलं पाहिजे. भुयाराच्या मध्यावर थांबलात आणि पुढच्या वेळी रोग आला नाही, की तो भिंतीत विरघळला का, हे समजावत बसावं लागतं. त्यासाठी साडेअकरानंतर नवी लढाई सुरू करायची नाही.

हिंजवडीतल्या कोणाची शिफ्ट अमेरिकेच्या घड्याळावर असेल तर व्हॉइसचा हट्ट सोडून लिहून खेळा. डिस्कॉर्डवर एक चॅनल गोष्टीचं, एक फाशांचं, एक नियमांच्या वादाचं. रोज एक पोस्ट, आणि ४८ तासांत उत्तर नाही आलं तर डीएम त्या कॅरेक्टरला पुढे ढकलतो. इनिशिएटिव्ह व्यक्तीगणिक ठेवू नका, एकेकाची वाट बघत एक राउंड आठवडा खातो. आधी सगळे खेळाडू, ज्याला जेव्हा जमेल तेव्हा, मग सगळे मॉन्स्टर. आणि पोस्टमध्ये पुढची फांदी लिहायची सवय लावा. ‘मी दाराकडे जातो’ या पोस्टने एक दिवस फुकट जातो. त्याऐवजी: ‘दार ढकलून बघतो. उघडं असेल तर कंदील खाली धरून आत एक पाऊल, त्यापुढे नाही. कुलूप असेल तर थीव्ह्ज टूल्स काढतो, रोल फाशांच्या चॅनलवर टाकलाय, १७. आतून आवाज आला तर काही न करता मागे येऊन क्लेरिकला खूण करतो.’ डीएमला एवढ्यावर आठ ओळी लिहिता येतात आणि दार त्याच रात्री उघडतं.